कामावरच काम शिकवताना : बेळगाव परिसरातील कारखानदार आणि व्यवस्थापकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांत नव्या माणसाचे शिक्षण ठरलेल्या रीतीने होते. सुपरवायझर त्याला एखाद्या जुन्या मिस्त्रीच्या हवाली करतो, ‘याला जरा काम दाखवा’ एवढे सांगतो आणि आपल्या कामाला निघून जातो. त्यानंतर काय दाखवले गेले, किती दाखवले गेले आणि त्यातले नव्या माणसाला काय उमगले, याचा हिशेब कोणाकडेही नसतो. चार महिन्यांनी कास्टिंग (साच्यात ओतून केलेले धातूचे भाग) परत येऊ लागली की मग ‘आजकालच्या पोरांना शिकायचेच नसते’ असा निकाल लावला जातो.

काम करता करता माणूस शिकतो, हे खरेच आहे. त्यासाठी मालकाने वेगळे काही करावे लागत नाही. मात्र तो योग्य पद्धतीबरोबर चुकीच्या सवयीही तितक्याच सहजपणे उचलतो, आणि हातात बसलेली चुकीची सवय मोडायला मुळात शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून काय शिकायचे, कोणत्या क्रमाने शिकायचे आणि कोणाकडून शिकायचे हे ठरवण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची आहे. पुढील विवेचनात उदाहरणे मुख्यतः फाउंड्रीची, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याची, घेतली आहेत, कारण बेळगावच्या उद्योगात तिचे स्थान मोठे आहे. परंतु यंत्रमाग, काजू कारखाना, मिठाईचे दुकान किंवा पतसंस्था यांनाही ही पद्धत लागू पडते.

आधी शिकवणाऱ्याच्या मजुरीचा प्रश्न सोडवा

प्रशिक्षणावरच्या बहुतेक लेखनात हा विषय शेवटी येतो किंवा येतच नाही. माझ्या मते तो पहिला आहे, कारण तो सुटला नाही तर पुढची सारी मेहनत कागदावरच राहते.

नगावर मजुरी मिळणाऱ्या मोल्डरचा, म्हणजे वाळूचे साचे बनवणाऱ्या कारागिराचा, विचार करा. दिवसाला किती बॉक्स (साच्याच्या चौकटी) झाले यावर त्याची कमाई ठरते. त्याच्या शेजारी नवा मुलगा उभा केला की त्याचा वेग कमी होतो, दोन-तीन साचे मुलाच्या हातून बिघडतात आणि महिन्याच्या शेवटी त्याच्या पाकिटात पैसे कमी येतात. अशा वेळी तो शहाण्या माणसासारखे वागतो, म्हणजे मुलाला वाळू ओढायला आणि बॉक्स उचलायला लावतो. सहा महिन्यांनंतरही मुलगा वाळूच ओढत असतो, यात मिस्त्रीचा खोटेपणा नाही. मजुरीची रचनाच तशी आहे. शहापूर-वडगावच्या मागांवर मीटरप्रमाणे किंवा अथणीकडे चपलांच्या जोडीप्रमाणे मजुरी मिळते, तिथेही हेच घडते.

यावरचा उपाय साधा आहे. ज्या दिवसांत एखादा कारागीर शिकवणार आहे, त्या दिवसांची मजुरी त्याच्या मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी कमाईप्रमाणे धरावी, आणि हे त्याला तोंडी न सांगता लिहून द्यावे. नवा माणूस ठरवलेल्या पारखीत उतरला की शिकवणाऱ्याला वेगळी ठरावीक रक्कमही द्यावी. ही रक्कम मोठी असण्याची गरज नसते, पण ती वेळेवर मिळावी लागते. ज्या मालकाला हा खर्च जड वाटतो, त्याने गेल्या महिन्यात रिजेक्ट झालेल्या मालाचे वजन आणि तो माल पुन्हा वितळवायला लागलेली वीज एकदा शेजारी मांडून पाहावी.

पैशाइतकीच दुसरी अडचण भीतीची असते. ‘माझे सगळे याला दिले तर उद्या माझी गरज काय?’ हा प्रश्न जुना माणूस बोलून दाखवत नाही, पण त्याच्या वागण्यात तो दिसतो. शिकवणाऱ्याला वरचा दर्जा देणे, त्याला जोखमीची आणि नवीन पॅटर्नची (वाळूत साच्याचा ठसा उमटवणाऱ्या नमुन्याची) कामे सोपवणे आणि मंदीत माणसे कमी करताना शिकवणाऱ्यांना प्रथम हात लावणार नाही हे स्पष्ट करणे, यांनी ही भीती बरीच कमी होते. नुसत्या गोड बोलण्याने ती जात नाही.

कोणते काम शिकवायचे, ते ठरवा

सगळ्यांना सगळे शिकवण्याचा संकल्प करू नये. एका मोठ्या कागदावर डाव्या बाजूला माणसांची नावे आणि वर कामांची नावे लिहून चौकटी आखाव्यात. प्रत्येक चौकटीत चारपैकी एक खूण करावी: काम येत नाही, कोणी जवळ उभे राहिले तर येते, एकट्याला येते, दुसऱ्याला शिकवता येते. हा तक्ता सुपरवायझरने एकट्याने केबिनमध्ये बसून भरू नये. तो त्या त्या माणसाला काम करताना पाहून भरावा, कारण केबिनमधला तक्ता आणि शॉपमधले वास्तव यांत पुष्कळ अंतर असते.

तक्ता भरल्यावर ज्या कामापुढे एकाच माणसाची खूण आहे ती कामे पहिल्यांदा डोळ्यांत भरतात. कोअर (कास्टिंगच्या आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) बनवणारा एकच, भट्टीवरचा जाणकार एकच, पॅटर्न दुरुस्त करणारा एकच. आपल्या भागात हा धोका दरवर्षी ठरलेल्या वेळी प्रत्यक्ष उभा राहतो. पावसाळ्यात भातलावणी सुरू झाली की खानापूर तालुक्यातून आणि बेळगावच्या पश्चिमेकडील गावांतून येणाऱ्या कामगारांचे खाडे वाढतात, गणेशोत्सवात पुन्हा तेच होते. त्यावर चिडून उपयोग नाही. पावसाळ्याच्या आधीचे तीन महिने, म्हणजे मार्च ते मे, दुसरा माणूस तयार करण्यासाठी राखून ठेवणे हेच व्यवहार्य आहे.

त्यानंतर रिजेक्शनची नोंदवही घ्यावी. कोणत्या दोषामुळे सर्वांत जास्त माल परत आला हे पाहून त्या दोषाशी संबंधित एकच काम निवडावे आणि तिथून सुरुवात करावी.

शिकण्याचा क्रम उलटा लावून पाहा

नव्या माणसाला माल ज्या क्रमाने तयार होतो त्याच क्रमाने शिकवावे, असे आपल्याला स्वाभाविक वाटते. मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियातल्या शिंप्यांच्या दुकानांत उमेदवारांचे निरीक्षण केले, तेव्हा त्यांना याच्या उलट दिसले. तिथे नवे मुलगे इस्त्री, बटणे, काठाची टीप अशा शेवटच्या कामांपासून सुरुवात करत, मग शिवण शिकत आणि कापड बेतण्याचे काम सर्वांत शेवटी हाती घेत. बेतताना झालेली चूक कापडच वाया घालवते, तर बटण चुकले तर पुन्हा लावता येते. शिवाय शेवटची कामे करता करता तयार कपडा कसा असायला हवा याचे चित्र मुलाच्या मनात पक्के होते.

फाउंड्रीत हा क्रम सहज बसवता येतो. नव्या मोल्डरला पहिला आठवडा फेटलिंग (कास्टिंगवरचा जादा धातू आणि वाळू काढून ते साफ करणे) आणि तपासणीच्या टेबलावर ठेवावे. ब्लोहोल (वायू अडकून पडलेले छिद्र) कसा दिसतो, वाळू पडल्याचा खड्डा कसा असतो, साच्याचे दोन अर्धे सरकले की सांध्यावर पायरी कशी उमटते, हे त्याने हातात घेऊन पाहावे. प्रत्येक दोषाचा एक तुकडा फळीवर मांडून ठेवावा आणि त्याखाली दोषाचे नाव लिहावे. ज्याने हे तुकडे पाहिले आहेत, त्याला साचा करताना ‘कड सांभाळ’ असे सांगितले की ती का सांभाळायची हे वेगळे समजवावे लागत नाही.

मात्र हा नियम वितळलेल्या लोखंडाला लागू करू नये. करडे लोखंड ओतताना त्याचे तापमान साधारण १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ओलसर लॅडलमध्ये (धातू ओतायच्या भांड्यात) ते पडले किंवा भट्टीत ओला भंगार गेला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू उसळून बाहेर येतो. चुकत चुकत शिकण्याची मुभा जिथे देता येत नाही अशा कामांची यादी वेगळी करावी, आणि पारख पूर्ण होईपर्यंत नव्या माणसाने तिथे फक्त पाहायचे, हात लावायचा नाही, असा नियम ठेवावा. त्याला अपवाद करू नये, भट्टीवर माणूस कमी असला तरीही.

कामाचे तुकडे पाडा

सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत फलदायी भाग हाच आहे. ज्याला काम उत्तम येते त्यालाच ते सांगणे बहुधा अवघड जाते, कारण त्याच्या हातांना जे ठाऊक असते ते त्याच्या बोलण्यात येत नाही. म्हणून मिस्त्री काम करत असताना दुसऱ्या माणसाने शेजारी उभे राहून लिहून काढावे. प्रत्येक पायरीसाठी तीन गोष्टी लिहायच्या: काय करायचे, ते करताना नेमके काय जपायचे, आणि का. तिसरी गोष्ट बहुतेक जण गाळतात, आणि पुढे नवा माणूस पहिली संधी मिळताच जपण्याची गोष्टही गाळतो.

कोअर बसवून बॉक्स बंद करण्याचे काम घेऊ. पाहणाऱ्याला ते एका मिनिटाचे वाटते, पण नीट पाहिले तर त्यात पाच पायऱ्या निघतात.

पहिली पायरी साचा हवेने साफ करण्याची. इथे जपायचे ते असे की हवेचा झोत तिरका आणि बेताचा हवा. सरळ आणि जोरात मारला तर साच्याच्या कडा उडतात आणि तीच वाळू पुढे कास्टिंगमध्ये सापडते. दुसरी पायरी कोअर पाहण्याची. तो पूर्ण वाळलेला हवा, त्याला तडा नको आणि वायू बाहेर जाण्याची व्हेंटची वाट मोकळी हवी. कोअर दमट असला किंवा व्हेंट बुजला असला तर आत तयार झालेला वायू धातूत शिरतो आणि ब्लोहोल होतो. तिसऱ्या पायरीत कोअर त्याच्या प्रिंटमध्ये (साच्यातल्या त्याच्या बसायच्या खाचेत) ठेवायचा. तो दाबून बसवायचा नाही. बसला आहे का हे बोटाने अगदी हलके हलवून पाहायचे, कारण दाबल्यास प्रिंटची वाळू निखळते आणि कोअर धातूच्या प्रवाहात जागा सोडतो. चौथी पायरी वरचा बॉक्स पिनांवर उतरवण्याची. तो दोघांनी समपातळीत धरून सरळ खाली यायला हवा, एक बाजू आधी टेकली तर वाळू आत पडते किंवा दोन अर्धे एकमेकांवर नीट बसत नाहीत. पाचवी पायरी क्लॅम्प लावण्याची किंवा वर वजन ठेवण्याची. नव्या मुलाला वाटते की बॉक्स जड आहे, तो कुठे हलणार आहे? पण आत भरणारे द्रव लोखंड वरच्या बॉक्सला खालून उचलते, आणि फट पडली की लोखंड बाहेर वाहते. हे कारण एकदा कळले की वजन ठेवायला कोणी विसरत नाही.

एवढा मजकूर एका पानावर मावतो. तो दोन पानांवर गेला तर काम एकाच बैठकीत शिकवण्याजोगे नाही, त्याचे दोन भाग करावेत, असे समजायला हरकत नाही.

काही गोष्टी मात्र कागदावर उतरत नाहीत. वाळूत पाणी किती आहे हे उपकरणाने मोजता येते, आणि मोजलेच पाहिजे. मोल्डिंगच्या ओल्या वाळूत ते साधारण तीन ते चार टक्के ठेवतात. तरीही जुना मिस्त्री मूठभर वाळू घेतो, ती दाबतो, मुठीतून निघालेला गोळा दोन हातांनी मोडतो आणि बोटांचे ठसे व मोडलेली कड पाहून काय ते ठरवतो. ही परीक्षा शिकवण्यासाठी वाळू मुद्दाम तीन प्रकारची करावी: कोरडी, बेताची आणि ओली. नव्या माणसाने तिन्ही मुठी आळीपाळीने दाबाव्यात, आपला अंदाज सांगावा आणि मग मोजलेला आकडा पाहावा. आठवडाभर रोज सकाळी पाच मिनिटे असे केले की हाताला बरीच समज येते, जी नुसते ‘अनुभवाने कळेल’ असे सांगून वर्षभरातही येत नाही.

शिकवणारा निवडताना

सर्वांत वेगवान कारागीर हा सर्वांत चांगला शिक्षक असतोच असे नाही. ज्याचा माल सतत चांगला येतो, ज्याच्याकडे इतर कामगार आपण होऊन विचारायला जातात आणि जो एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली तरी चिडत नाही, अशाला निवडावे. बऱ्याचदा तीन-चार वर्षे झालेला कामगार वीस वर्षे झालेल्यापेक्षा चांगले शिकवतो, कारण आपल्याला काय अडले होते ते त्याला अजून आठवत असते.

प्रत्यक्ष शिकवण्याच्या चार पायऱ्या

पहिल्या महायुद्धात अमेरिकेतील जहाजबांधणीसाठी कामगार झपाट्याने तयार करायचे होते, तेव्हा चार्ल्स अ‍ॅलन यांनी चार पायऱ्यांची एक पद्धत बसवली. दुसऱ्या महायुद्धात, १९४० ते १९४५ या काळात, अमेरिकी सरकारने तीच सुधारून हजारो कारखान्यांतल्या सुपरवायझरांना शिकवली, आणि युद्धानंतर ती जपानी कारखान्यांत रुजली. या प्रशिक्षणाच्या आरंभी एक प्रात्यक्षिक असे. विजेच्या दिव्याची वायर होल्डरमधून निसटू नये म्हणून मारायची एक गाठ प्रशिक्षक आधी नुसती तोंडाने सांगे, आणि ती कोणालाच जमत नसे. मग तो नुसती करून दाखवी, तरीही जमत नसे. सांगणे आणि दाखवणे यांची सांगड घालून शिकणाऱ्याच्या हातून ती करून घेतली म्हणजेच ती येई. आपल्या शॉपमध्ये पुष्कळ सांगितले जाते आणि थोडेफार दाखवलेही जाते, पण करून घेणे मात्र राहून जाते.

पहिली पायरी माणसाला तयार करण्याची. त्याला या कामाचे काय ठाऊक आहे ते विचारावे, हे काम कोणत्या मालात कुठे लागते ते दाखवावे आणि काम करताना जिथून दिसते तिथेच, म्हणजे शिकवणाऱ्याच्या शेजारी, उभे करावे. समोर उभ्या राहिलेल्याला सगळे उलटे दिसते. डावा हात त्याला उजवा वाटतो.

दुसऱ्या पायरीत काम तीनदा करून दाखवायचे. पहिल्यांदा फक्त पायऱ्या सांगायच्या. दुसऱ्यांदा प्रत्येक पायरीत काय जपायचे ते सांगायचे, आणि तिसऱ्यांदा त्याचे कारण. पहिल्याच फेरीत सगळे ओतण्याचा मोह शिकवणाऱ्याला फार होतो, तो आवरावा.

तिसऱ्या पायरीत नव्या माणसाने काम करायचे. आधी न बोलता, आणि चूक होत असेल तर तिथेच थांबवून. नंतर पायऱ्या बोलत, मग जपायच्या गोष्टी बोलत, आणि शेवटी कारणे सांगत. समजले का, असे विचारून काहीही हाती लागत नाही. आपल्या शॉपमध्ये ‘कळलं’, ‘गोत्तायतु’ आणि ‘समझ गया’ ही तिन्ही उत्तरे रोज ऐकू येतात, आणि तिन्हींची किंमत सारखीच असते. त्यापेक्षा काम चालू असताना शेजारी जाऊन सहज ‘काय करूलालास?’ असे विचारावे आणि त्याला सांगू द्यावे. रागाने विचारले तर तो काम थांबवून गप्प उभा राहील. खरोखर जाणून घ्यायच्या सुरात विचारले तर त्याच्या बोलण्यातून नेमके काय निसटले आहे ते दोन मिनिटांत कळते.

चौथी पायरी त्याला कामावर सोडण्याची, पण सोडून देण्याची नव्हे. अडल्यास कोणाकडे जायचे त्या एकाच माणसाचे नाव सांगावे. पहिल्या दिवशी दर तासाला, दुसऱ्या दिवशी दोन-तीनदा, मग दिवसातून एकदा असे जाऊन पाहावे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले होते की शिकलेले विसरण्याचा वेग सुरुवातीच्या काही तासांत आणि दिवसांत सर्वांत जास्त असतो. म्हणून सोमवारी शिकवलेल्या कामाची उजळणी मंगळवारी सकाळी झाली पाहिजे, पुढच्या सोमवारी नव्हे.

या पद्धतीचा एक जुना नियम असा आहे की शिकणारा शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवले नाही असे समजावे. सुपरवायझरांना तो खटकतो. तरीही तो पाळला तर ‘या पोराला डोके नाही’ हे वाक्य शॉपमधून हळूहळू कमी होते, आणि पद्धतीत कुठे चुकले ते शोधण्याची सवय लागते.

तीन भाषांच्या शॉपमध्ये

आपल्याकडे एकाच पाळीत मराठी बोलणारा मोल्डर, कन्नड बोलणारा भट्टीवाला आणि ओडिशा किंवा बिहारमधून आलेला हिंदी बोलणारा हेल्पर असतो. शिकवण्याची भाषा ही शिकणाऱ्याची असावी, शिकवणाऱ्याची नव्हे; आणि ते शक्य नसेल तर दोघांनाही येणाऱ्या भाषेत बोलावे. फळ्यावरची धोक्याची सूचना तिन्ही भाषांत आणि सोबत चित्र असलेली हवी. हत्यारांची आणि दोषांची नावे मात्र शॉपमध्ये एकच ठरवून घ्यावीत. एकाच दोषाला तीन नावे असली तर रिजेक्शनची नोंदवही काहीच सांगत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला सरकारी कार्यालयाची पत्रे, विजेची नोटीस किंवा अर्ज कन्नडमध्ये वाचावे लागतात, तेव्हा तो मागे राहतो. हेही कामावरच शिकता येते. कार्यालयात नेहमी येणारे आठ-दहा नमुने घ्यावेत, कन्नड जाणणाऱ्या सहकाऱ्याने त्यातल्या ठरलेल्या जागा दाखवाव्यात आणि पुढचा अर्ज त्या मुलानेच त्याच्या देखरेखीखाली भरावा. महिन्याभरात अक्षरे नसली तरी कागद ओळखू येऊ लागतो.

पतसंस्था, दुकान आणि काउंटर

काउंटरवरच्या कामाचीही अशीच पायऱ्यांत विभागणी करता येते, फक्त तिथे माल ग्राहकाच्या समोर तयार होतो. पतसंस्थेतील नव्या लिपिकाने पहिले काही दिवस जुन्या, पूर्ण झालेल्या कर्ज-फाइली तपासाव्यात आणि त्यात काय कमी आहे ते शोधावे. मग त्याने फाइल तयार करावी आणि दुसऱ्याने तपासावी. ग्राहकाच्या समोर बसण्याची वेळ सर्वांत शेवटी यावी. रोख मोजण्याचे काम मात्र पहिल्या दिवसापासून दोघांच्या सहीने व्हावे. तिथे विश्वासाचा प्रश्न नसून सवयीचा असतो.

चुकांचे काय करावे

रिजेक्ट झालेले कास्टिंग थेट भट्टीकडे जाते आणि त्याबरोबर धडाही वितळतो. रोज पाळी बदलताना दहा मिनिटे राखावीत. दिवसभरातला एकच खराब नग टेबलावर ठेवावा, ज्या हातून तो झाला त्याचे नाव घेऊ नये, आणि तो असा का झाला असेल हे सर्वांत नव्या माणसाला प्रथम विचारावे. जुने मिस्त्री आधी बोलले तर बाकीचे माना डोलावतात. जाणारी आणि येणारी अशा दोन्ही पाळ्या उभ्या असल्यामुळे एकाची चूक दुसऱ्यालाही कळते.

ही दहा मिनिटे पगारी वेळेत असावीत. बस चुकवून शिकायला कोणी थांबत नाही, आणि थांबावे अशी अपेक्षाही करू नये.

इथे एका लोकप्रिय आकड्याबद्दल सांगणे भाग आहे. माणूस ७० टक्के कामातून, २० टक्के इतरांकडून आणि १० टक्के वर्गातून शिकतो, असे अनेक प्रशिक्षण-वर्गांत सांगितले जाते. या विभागणीचे मूळ १९८० च्या दशकात अमेरिकेत यशस्वी वरिष्ठ अधिकाऱ्यांना विचारलेल्या आठवणींमध्ये आहे. मोल्डरने किंवा विणकराने काय आणि कसे शिकावे याचे ते मोजमाप नाही, आणि ‘७० टक्के तो आपोआपच शिकेल’ म्हणून त्याला एकटे सोडण्याचे समर्थन तर त्यातून मुळीच होत नाही.

अप्रेंटिस घेत असाल तर

१९६१ च्या अप्रेंटिसशिप कायद्याकडे अनेक छोटे मालक कटकट म्हणून पाहतात, पण वर सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी त्यात आधीपासूनच आहेत. ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांनी, कंत्राटी कामगार धरून होणाऱ्या एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणे बंधनकारक आहे; ४ ते २९ माणसे असतील तर ते ऐच्छिक आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या प्रोत्साहन योजनेत ठरलेल्या विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, दरमहा १५०० रुपयांच्या मर्यादेत, सरकार उचलते आणि तो आता थेट अप्रेंटिसच्या बँक खात्यात जमा होतो.

या कायद्यातली एक तरतूद मुद्दाम लक्षात ठेवावी. अप्रेंटिसला नगावर मजुरी देता येत नाही आणि उत्पादनावर आधारलेल्या बोनस योजनेतही त्याला सामील करून घेता येत नाही. संख्येमागे धावणारा माणूस शिकत नाही, हे कायदा करणाऱ्यांनी तेव्हाच ओळखले होते. शिकवणाऱ्याच्या मजुरीबद्दल मात्र कायदा गप्प आहे, ते मालकाला स्वतःच ठरवावे लागते. प्रत्येक अप्रेंटिसच्या प्रगतीची नोंद ठेवणेही बंधनकारक आहे. वर सांगितलेला चार खुणांचा तक्ता आणि कामाचे पान तारखेसह जपून ठेवले तर या नोंदीसाठी वेगळे लिखाण फारसे उरत नाही.

पारख आणि निरोप

नवा माणूस तयार झाला हे कोणी ठरवायचे? शिकवणाऱ्याने नव्हे, कारण त्याला त्यावर पैसे मिळणार आहेत. दुसऱ्या पाळीच्या मिस्त्रीने किंवा तपासनिसाने कामाचे पान हातात धरून नव्या माणसाला काम करताना पाहावे आणि एकेका पायरीवर खूण करावी. ठरावीक संख्येचे सलग नग दोषाशिवाय निघाले, आणि विचारल्यावर त्याने कारणे आपल्या शब्दांत सांगितली, तरच तक्त्यातील खूण बदलावी. महिन्याने त्याच माणसाला पुन्हा एकदा पाहावे. पहिल्या पारखीत न दिसलेल्या पळवाटा तोवर उगवलेल्या असतात.

शिकलेला माणूस टिकेल याची खात्री नसते. सीमेपलीकडे महाराष्ट्रात शिनोळीला दोन पैसे जास्त मिळाले, किंवा गोव्यात एखाद्या ओळखीच्याने बोलावले, की मुलगा जातो, आणि मग ‘शिकवून काय उपयोग?’ असा सूर निघतो. न शिकवलेला माणूस राहिला तर काय होते, हा हिशेब त्याच वेळी करावा. जाणाऱ्याशी भांडू नये. नोटीसच्या दिवसांत त्याला नव्या कामाला न जुंपता त्याच्या कामाचे पान त्याच्यासोबत पुन्हा वाचावे आणि कोणती पायरी आता वेगळ्या रीतीने होते, कुठे नवा फिक्स्चर (नग पकडून ठेवणारे साधन) आला, कोणता कोअर हल्ली जास्त तुटतो, हे त्याच्या हातून पेन्सिलने लिहून घ्यावे. त्या खुणांवरूनच पुढच्या माणसासाठी पान नव्याने उतरवावे आणि त्यावर बदलाची तारीख टाकावी.